दिसते काय, ते सांग

पहिल्यांदा पाहणाऱ्याला गिरडकर सर डॉक्टर वाटायचे नाहीत, सुतार वाटायचे. उजव्या कानावर निळी पेन्सिल, कशाकशाने फुगलेला बुशशर्टचा खिसा, आणि समोर जी वस्तू येईल तिच्यावर दोन बोटांनी टकटक. टेबल आलं, टेबलावर. कपाट आलं, कपाटावर. वॉर्डाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर तर रोज सकाळी टकटक करून ते सिस्टरला सांगायचे, "आज अर्धीच भरली वं बाई. जपून वापराले सांगा." सिस्टर झाकण उघडून पाहायच्या, तर टाकी खरंच अर्धी असायची.

छातीवर किंवा पोटावर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने वाजवायचं आणि आवाजावरून आत हवा आहे की पाणी हे ओळखायचं, ही डॉक्टरांची जुनी रीत. बाकीचे प्राध्यापक ती रोग्यापुरती वापरत. सरांना दिसेल ती प्रत्येक गोष्ट आतून कशी आहे हे जाणून घ्यायचं असे. बाजारात गेले की कलिंगडवाला त्यांना लांबूनच हात जोडायचा, कारण सर एक कलिंगड घेण्याआधी अख्खा ढीग वाजवून काढत.

ते आमच्या कॉलेजात मेडिसिनचे प्राध्यापक होते. मूळचे खाप्याचे, कन्हानच्या काठचे, आणि ते बोलण्यातून लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. त्या काळी आमच्याकडे मोठ्या डॉक्टरांच्या तीन भाषा असत: रोग्याशी गावची, विद्यार्थ्यांशी इंग्रजी आणि पाहुण्यांशी पुस्तकी मराठी. सरांची सगळ्यांशी एकच. मुंबईहून आलेल्या परीक्षकालाही ते म्हणायचे, "बसा ना बाप्पा, उभे काहून?" आणि हे 'काहून', म्हणजे 'का', हा त्यांचा श्वास होता. रोग्याच्या हाताला घाम आला, काहून? खिडकीतली चिमणी आज आली नाही, काहून? एकदा आमच्या वर्गातल्या एकाने टक्कल केलं. सरांनी त्यालाही काहून म्हणून विचारलं आणि वडील गेल्याचं कळल्यावर त्याला घरी जेवायला नेलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या हॉस्पिटलला सोनोग्राफीचं मशीन मिळालं. आज गल्लोगल्ली असतं, तेव्हा नवल होतं. साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा पोटावर टेकवायचा, त्यातून कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, आतल्या अवयवांवर आपटून परत येतो, आणि छोट्या टीव्हीसारख्या पडद्यावर काळं-पांढरं चित्र उमटतं. आमच्यापैकी कोणी ते पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. पण जन्मभर बोटांनी वाजवून आतला अंदाज घेणाऱ्या माणसाला एकदम आतलं दाखवणारी वस्तू मिळाली, तेव्हा त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. मशीन आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, आम्हाला मागाहून सांगितलं.

आता मशीन ठेवायचं कुठे यावरून वाद झाला. एक्स-रे विभागाचे प्रमुख डॉक्टर सबनीस यांचं म्हणणं, ते आपल्या वातानुकूलित खोलीत राहील, आपण तपासू आणि वॉर्डाला रिपोर्ट पाठवू. सबनीस काही वाईट नव्हते. टापटिपीचे, अबोल, कामात चोख. महागडी, नाजूक वस्तू विद्यार्थ्यांच्या हाती लागली तर महिनाभरात तिचा खुळखुळा होईल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. गिरडकर सरांना मशीन वॉर्डात हवं होतं, खाटेपाशी, आणि तेही पोरांच्या हातात.

"रिपोर्ट आला का पोट्टे कागद वाचतील," ते अधीक्षकांना म्हणाले. "पोट कोण वाचल?"

यामागे त्यांचं जुनं दुःख होतं. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला ते स्वतः शिकत होते तेव्हा राउंडला खाटेभोवती शहरातली, चांगल्या घरची मुलं पुढे उभी राहत. खाप्याहून आलेला हा बुटका मुलगा मागे. "सारं शिक्षण झालं, पन म्या पोटं कमी पाह्यली, पोट्ट्यांच्या पाठीच जास्ती पाह्यल्या," असं ते हसत सांगायचे. हसत सांगायचे, पण राउंडला ते सगळ्यात मागच्या मुलाचा हात धरून त्याला पुढे ओढायचे, हे आम्ही पाहिलेलं होतं.

अधीक्षकांनी मधला मार्ग काढला. मशीन तूर्त वॉर्डात राहील. थंडी संपल्यावर एक समिती येऊन पाहील. वापर नीट असेल तर ते तिथेच ठेवू, नाहीतर सबनीसांच्या खोलीत जाईल. सर वॉर्डात आले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "ऐका गा. हे मशीन गेलं तं तुमचे डोये गेले."

मग सुरू झालं शिक्षण. सरांनी दोन नियम केले. पहिला असा की पडद्यावरच्या चित्राला लगेच नाव द्यायचं नाही. कोणी उत्साहाने म्हणालं, "सर, पित्ताशयात खडा!" की सर लगेच हात वर करायचे. "खड्याचं मंग पाहू. दिसते काय, ते सांग." मग बिचाऱ्याने सांगायचं: काळ्या पिशवीत एक पांढरा ठिपका आहे. त्याच्या मागे काळी सावली पडली आहे. रोग्याने कूस बदलली की ठिपका घरंगळतो. एवढं सगळं झाल्यावर सर म्हणायचे, "आता ठेव नाव." आमच्यातले घाईचे लोक यावर फार वैतागत. नाव ठेवलं की माणूस पाहणं बंद करतो, असं सरांचं म्हणणं होतं, आणि त्यांना स्वतःला पाहणं बंद करायचंच नसायचं.

दुसरा नियम, पडदा आधी रोग्याकडे वळवायचा. ज्याचं पोट त्याने पहिले पाहायचं. यामुळे एकेक खाट आटपायला किती वेळ लागे! सावनेरकडच्या एका म्हाताऱ्याने स्वतःचं यकृत पाहिलं आणि विचारलं, "हे माह्यं हाय? घरी नेता येते का, बुढीले दाखवाले?" सरांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या बुढीलाच बोलावून घेतलं. तिने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढं जागचं जागी हाय, मंग वागता काहून असे?" सिस्टर हसता हसता स्टुलावर बसल्या.

पोटावर ठोकळा सरकायला मधे ओशट काहीतरी लावावं लागतं. त्यासाठीच्या मलमाच्या नळ्या आम्ही पहिल्या पंधरवड्यातच संपवल्या. सर म्हणाले, खोबरेल चालते. चाललंही. पण नागपूरच्या थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून सकाळी खिडकीतल्या उन्हात बाटली ठेवायची ड्यूटी लागली. वॉर्डाला देवघरासारखा वास येऊ लागला. आणि या तेलापायी बाहेर एक गैरसमज पसरला. पोटाला तेल चोळून टीव्ही लावतात आणि दुखणं उतरतं, अशी बातमी कुहीच्या बाजूला गेली. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरलेली माणसं थेट वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहायची. "आमच्या बुढ्याले बी लावा ना बाप्पा टीव्ही." एकाचा तर दात दुखत होता. आम्ही त्याला वाटेला लावत होतो, तेवढ्यात सर आतून म्हणाले, "थांबा गा, पाहू तं काय दिसते." त्यांनी त्या माणसाच्या गालाला तेल लावलं आणि ठोकळा टेकवला. दिसलं काहीच नाही. सरांनी दंतविभागाला चिठ्ठी लिहून दिली, पण तो माणूस म्हणाला, पुष्कळ उतरलं, आणि चिठ्ठी खिशात घालून गावाकडे गेला.

सर यावर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी राउंडच्या मधेच थांबून म्हणाले, "मशीननं नाही उतरलं ते. तेलानंही नाही. त्याच्याकडे कोणी एवढा येळ पाह्यलंच नसल."

विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून रविवारी सकाळी वर्ग भरायचा, आणि त्याला रोगी नसत, कोहळी असत. आमच्याकडे तांबड्या भोपळ्याला कोहळं म्हणतात. सर बाजारातून वाजवून वाजवून एक कोहळं आणायचे, देठाकडून चकती कापून आतल्या बिया काढायचे, त्यात गोटी, सुपारी, पाणी भरलेला फुगा असलं काहीबाही लपवायचे, उकळून गार केलेलं पाणी भरायचे आणि कणकेने झाकण चिकटवायचे. साध्या पाण्यात बुडबुडे असतात, ते चित्र नासवतात, हे त्यांनी दोन कोहळी वाया घालवून शोधलं होतं. मग आम्ही एकेकाने ठोकळा फिरवून आत काय आहे ते सांगायचं, म्हणजे नाव न घेता. "गोल आहे सर. कड पांढरी. मागे सावली." "हालव बरं कोहळं." "तळाशी घरंगळते." "हं. आता ठेव नाव."

काकूंची अट होती की कोहळं शाबूत घरी परत यायला हवं, कारण रविवारी संध्याकाळी त्याची गुळातली बोंडं, म्हणजे गोड भजी, व्हायची. एकदा त्यांच्याकडे अमरावतीचे व्याही आले होते. व्याह्यांनी बोंड तोंडात टाकलं आणि कट्कन आवाज झाला. बोंडातून काचेची गोटी निघाली. काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अवो, पाहून राहिले ना तुम्ही काय झालं ते?" सर पाहतच होते. त्यांनी गोटी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे कोणाच्या नजरेतून सुटली असल?" व्याह्यांच्या दाताची विचारपूस त्यानंतर झाली. सोमवारी सकाळी ती गोटी आमच्यासमोर ठेवून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि ज्याच्या नजरेतून सुटली होती त्याच्या हाती आख्ख्या आठवड्याची मशीनची पाळी दिली. आम्हाला ही शिक्षा वाटली होती, पण त्या आठवड्यात तो पोरगा आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

आमच्या तुकडीत शशी मेश्राम नावाची मुलगी होती, भंडाऱ्याकडची. अत्यंत अबोल. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही मान खाली घालून नापास होणारी. सर मागच्या रांगेतून जिचा हात धरून पुढे ओढत ती बहुतेक वेळा हीच असे. पडद्यासमोर मात्र तिला वाचा फुटायची. नाव ठेवायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं, हा नियम जणू तिच्यासाठीच केला होता. चुकायची भीतीच राहत नव्हती ना त्यात. ती सांगू लागली की आम्ही पडद्याकडे न पाहताही चित्र पाहू शकायचो.

थंडी संपली आणि समिती आली. अधीक्षक, डॉक्टर सबनीस आणि बाहेरून आलेले दोन गृहस्थ. वॉर्ड घासूनपुसून ठेवला होता. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता, आणि काकूंच्या आग्रहावरून कानावरची पेन्सिल खिशात ठेवली होती. ते स्वतःसारखे दिसतच नव्हते. दाखवण्यासाठी त्यांनी निवडलेली बाई चाळिशीची होती, ताप आणि पोटदुखीसाठी आदल्या दिवशी दाखल झालेली. सरांनी पोट वाजवलं, बेंबीखाली आवाज ठस्स, म्हणजे आत पाणी असल्यासारखा, आला. ठोकळा टेकवला. पडद्यावर मोठा, गोल, काळाभोर डाग आला. कड कशी गुळगुळीत!

आणि सरांनी नाव ठेवलं. पाहुणे समोर, मशीनचं भवितव्य टांगलेलं, आणि एवढं सुंदर चित्र. "ओव्हरीची पान्याची गाठ," ते म्हणाले. "नुसत्या बोटांनी हे कळलं नसतं." बाहेरच्या गृहस्थांनी माना डोलावल्या. अधीक्षकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला आठवतं, आम्ही मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो.

शशी सरांच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, या बाई सकाळपासून उठल्या नाहीत."

"म्हंजे?"

"सकाळपासून वॉर्डात साहेब लोक येत-जात आहेत. इतक्या पुरुषांमधून उठून बाथरूमला कसं जायचं म्हणून त्या पडूनच आहेत. मला मघाशी कानात म्हणाल्या."

हे तिने इतक्या हलक्या आवाजात सांगितलं की ते फक्त सरांना आणि शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं. सरांना तिथेच थांबता आलं असतं. 'पुढची खाट पाहू' एवढं म्हटलं असतं तरी मशीन वॉर्डात राहिलं असतं. माझ्या मते अधीक्षकांनी मनातून मंजुरी दिलीच होती. पण सरांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, हा माणूस आता थांबणार नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"जा माय," ते त्या बाईला म्हणाले, "जाऊन या. आमी थांबतो." सिस्टरांनी मधे पडदा लावला, सगळ्या पुरुषांना बाजूला केलं. बाई जाऊन आली. सरांनी पुन्हा ठोकळा टेकवला. काळा डाग गायब! तिथे जे असायला हवं ते नीट जागच्या जागी.

सर मोठ्याने हसले. वॉर्डभर ऐकू जाईल असे. "साहेबहो, तुमी आत्ता पाह्यली ते गाठ नोती. भरलेलं मूत्राशय होतं. गिरडकर चुकला. हे पोरगी नसती तं म्या या बाईले ऑपरेशनाले पाठवली असती." मग समितीकडे पाठ करून ते आमच्याकडे वळले आणि भरलेलं मूत्राशय आणि पाण्याची गाठ यांच्या कडा कशा वेगळ्या दिसतात, ते दहा मिनिटं शिकवत बसले. समिती उभी होती हे ते बहुधा विसरलेच होते.

पुढच्याच आठवड्यात मशीन सबनीसांच्या खोलीत गेलं. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, ते कुरकुरत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाताना आम्ही ऐकलं. सबनीस स्वतः आमच्या सरांना भेटायला आले होते. "गिरडकर, मनात काही ठेवू नका," ते म्हणाले. "प्राध्यापक चुकतो तिथे विद्यार्थी काय करतील? पोट म्हणजे काही शाळेतला फळा नव्हे."

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले. ते खरंच मनात काही ठेवणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी टाकी वाजवली नाही.

आम्हाला वाईट वाटत होतं, शशीला तर फारच. आपण बोललो नसतो तर, असं तिच्या मनात येत असणार. सरांनी तिला बोलावलं आणि एवढंच म्हटलं, "तू त्या दिवशी चूप राहिली असती ना वं, तं मशीन आपल्यापाशी राहिलं असतं आन् शिकवनं गेलं असतं." तिला रडू आलं. मग सरांनाही आलं, आणि आम्ही दोघं-तिघं खिडकीतून बाहेर पाहत उभे राहिलो.

सरांची निवृत्ती जवळ आली होती. सबनीसांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांनाच प्रवेश.' रोग्याला उठवायला, कूस बदलायला कोणी लागतं म्हणून नातेवाइकांना मुभा. सरांनी ती पाटी एक दिवस उभं राहून नीट वाचली. पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर म्हणाले, "ऍप्रन काढा गा पोट्टेहो. आजपासून तुमी भाचे."

कुहीजवळच्या खेड्यातले बुधाजी म्हणून एक रोगी होते. भाताचं शेत असलेले, साठीचे. महिन्याहून जास्त ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, हाडांवर नुसती कातडी. नागपुरातच धंतोलीत एका डॉक्टरांनी पोट चाचपून यकृतात गाठ असावी, कॅन्सर दिसतो, घरी न्या, असं सांगितलं होतं. बायकोने, मैनाबाईने, घरी न्यायच्या ऐवजी आमच्याकडे आणलं होतं. बुधाजींना सरांचा बेत सांगितला तेव्हा तशा अवस्थेतही त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "चालते ना. मले कुठं सख्खे भाचे हायेत?"

दुपारी आम्ही चाकाच्या खुर्चीवरून त्यांना घेऊन गेलो. मागे मैनाबाई आणि तिच्या शेजारी साधा सदरा घातलेले सर. सबनीस दारात आले. त्यांनी चष्म्याच्या काठावरून आमच्याकडे पाहिलं. एकाच्या गळ्यात स्टेथोस्कोप तसाच राहिला होता.

"हे सगळे तुमचे कोण?" त्यांनी बुधाजींना विचारलं.

"भाचे, साहेब."

"सगळे?"

"बहिनी जास्त हायेत साहेब मले."

सबनीसांची नजर दाराबाहेरच्या बाकावर मैनाबाईशेजारी बसलेल्या सरांकडे गेली. सरांनी हात जोडले नाहीत, विनवणी केली नाही, नुसते बसून राहिले. पण त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं. एवढं मागणारा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. सबनीस दारातून थोडे बाजूला झाले. "आत जागा नाही," ते म्हणाले. "एकच भाचा येऊ शकतो."

सरांनी शशीकडे बोट केलं. मी दाराचा काळा पडदा धरून उभा राहिलो, त्यामुळे मला आतलंही दिसत होतं आणि बाहेरचंही.

सबनीसांनी ठोकळा टेकवला. शशीने पडद्याकडे पाहिलं आणि बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "यकृतात आहे सर, उजवीकडे. गोल आहे. काळसर, पण पूर्ण काळं नाही. आत बारीक ठिपके."

बाहेर सर बाकाच्या कडेवर आले होते. "मागच्या बाजूले? उजेड का अंधार?"

"उजेड, सर. मागे जास्त पांढरं दिसतंय." आत पातळ काही असलं की मागे उजेड पडतो, हे आम्ही कोहळ्यातल्या पाण्याच्या फुग्यावर शिकलो होतो.

सबनीसांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग ठोकळा तिच्या हातात दिला. "धरा," ते म्हणाले, "आणि थोडं तिरपं करा."

"त्याले कूस बदलवून पाह्य," बाहेरून सर. मी आत जाऊन बुधाजींना कुशीवर केलं आणि परत दाराशी आलो.

"ठिपके सरकले, सर! खाली बसताहेत. हळूहळू बसताहेत."

सर सरळ बसले. "मंग ठेव नाव," ते म्हणाले.

शशीने नाव ठेवलं. "पू आहे, सर. गाठ नाही. यकृतात पू झालाय."

सबनीस मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे." सुईने तो काढता येणार होता, औषधं होती.

सर मैनाबाईकडे वळले. ती त्यांच्याकडेच पाहत होती, काही न कळून. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "कॅन्सर नाही वं माय. पू हाय. काढून टाकू. तुमचा मानूस तुमच्यासंग घरी येते." मैनाबाईने पदर तोंडावर घेतला आणि तिथेच बाकावर वाकून हुंदके देऊ लागली. सरांनी हात तसाच ठेवला.

आतून सबनीस दारापर्यंत आले. त्यांचा स्वर बदलला होता. "गिरडकर, सुंदर चित्र आहे. या, आत या. बघून घ्या ना."

महिनाअखेर सर निवृत्त झाले, आणि मी गावाकडच्या ड्यूटीवर गेलो. माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या बाकावरचे. आयुष्यभर मागच्या रांगेतून पुढे येऊन पाहायला धडपडलेला तो माणूस, आत बोलावल्यावरही, उठला नाही. मैनाबाईचा हातही त्यांनी सोडला नाही.

"पाह्यलं म्या," ते म्हणाले.